गळतीबाई आणि दुपारचा नळ

कॉलेजात त्यांना सगळे गळतीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की गळतीबाई. त्यांना ते ठाऊक होतं. "नाव ठेवणाऱ्याला निदान विषय तरी कळलाय," एवढंच त्या म्हणायच्या आणि फळ्यावर पुढचा पाइप काढायला लागायच्या.

पाणीपुरवठा आणि सांडपाणी हे दोन विषय त्यांच्याकडे होते. सिव्हिलला येणारी बहुतेक मुलं मनाने तिथे नसतच. कॉम्प्युटरला गुण कमी पडले, म्हणून सिव्हिल. बाई स्वतःही अशाच आल्या होत्या. वडील लवकर गेले, आईने लोकांचे कपडे शिवून शिकवलं, आणि प्रवेशाच्या दिवशी त्यांचा नंबर लागेपर्यंत तेवढी एकच शाखा उरली होती. घरी आल्यावर आईने विचारलं, "यात काय शिकवतात गं?"

"रस्ते, पूल, गटारं."

आई दोरा दाताने तोडून म्हणाली, "गटारं सगळ्यांनाच लागतात. उपाशी नाही राहायचीस."

शिक्षण संपल्यावर त्या नगरपालिकेच्या पाणी खात्यात लागल्या. तिथे त्यांनी काय पाहिलं, तर चांगल्या मार्कांनी पास झालेले इंजिनियर यायचे आणि व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो असं विचारलं की फिटरच्या तोंडाकडे बघायचे. शहर फुगत चाललं होतं. नव्या वस्त्या, नवे रस्ते, आणि जमिनीच्या पोटात काय पुरलंय ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. नकाशातली लाइन एका गल्लीतून जायची, खरी भलत्याच गल्लीत सापडायची. बाईंच्या मनात आलं, आपण एकटीने जन्मभर गळत्या बुजवल्या तरी किती बुजवणार? त्यापेक्षा शोधणारी माणसं तयार करावीत. म्हणून त्या नोकरी सोडून कॉलेजात आल्या.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पहिले काही आठवडे त्या मुलांना फक्त ऐकायला लावत. कमरेएवढी लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. सळईचं टोक पाइपवर किंवा व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा. पाणी सरळ वाहत असेल तर एक आवाज, कुठे फट असेल तर दुसरा, तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा. मुलं हसायची. एकदा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मला माझंच डोकं ऐकू येतंय."

"म्हणजे ते रिकामं नाही. चांगली बातमी आहे," बाई म्हणाल्या. "आता पाइप ऐक."

त्या मुलाला वर्गात शंकासुर म्हणत. प्रत्येक गोष्टीवर शंका काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्याच्याच तुकडीत एक उंच मुलगी होती, फारसं न बोलणारी. तिचा कान तेवढा तल्लख होता. पुढे जे घडलं त्यात बाईंबरोबर ही दोघंच होती.

बाईंनी लग्न केलं नाही. नदीपलीकडच्या वसाहतीत दोन खोल्यांत त्या आणि आई, इतकाच संसार. आईचे कान हळूहळू गेले. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, मग लेकीचं बोलणं. कानातलं यंत्र आणलं होतं, पण ते शीळ घालतं म्हणून आईने ते टेबलाच्या खणात ठेवून दिलं. शेवटी मायलेकींचं बोलणं हातवाऱ्यांवर आलं. जेवलीस? गोळी घेतलीस? झोप आता. बाई सकाळी निघत त्या दिवेलागणीला परतत. मधल्या वेळात आई काय करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं.

त्या वर्षी नदीअलीकडच्या एका जुन्या वस्तीत कावीळ पसरली. घरटी एखादं मूल पिवळं पडून अंथरुणात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात घाण मिसळतेय. पाणी खात्याने नकाशा काढून दाखवला: इथे पाण्याची लाइन, इथे गटार, दोघांत मोठा रस्ता, मिसळणार कसं? आणि हात झटकले. बाईंनी तो नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "कुठेतरी पाणी मुरतंय." मग दोन मुलांना घेऊन त्या वस्तीत गेल्या.

तिथे पाणी फक्त सकाळी यायचं. दुपारी लाइन रिकामी. रिकामी लाइन धोक्याची असते हे बाई वर्गात नेहमी सांगत. भरलेला पाइप फटीतून बाहेर गळतो, रिकामा झाला की त्याच फटीतून बाहेरची घाण आत ओढून घेतो. म्हणून त्यांनी मुद्दाम दुपार निवडली. दुपारी रहदारी थंडावते, कान चांगला लागतो.

त्या वस्तीतली दुपार विचित्र होती. आजारी मुलांची घरं, त्यामुळे दारं लोटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाळत घातलेले कपडे हलतसुद्धा नव्हते. उंच मुलीने एका कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण सरकवलं, सळई पाइपवर टेकवली, कान लावला आणि तशीच राहिली. बराच वेळ.

"काय ऐकू येतंय?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, कुणीतरी बोलतंय."

शंकासुर हसला. मग त्याने कान लावला आणि हसायचा थांबला. बाईंनी त्याच्या हातातून सळई घेतली.

पाइपात एक म्हातारा, घोगरा बाईमाणसाचा आवाज होता. लांबून येणारा, पण शब्द सुटे सुटे. "पाणी आलं का गं?" थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, "तुझ्याकडे आलं का?"

बाई उठून उभ्या राहिल्या आणि कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही. रिकाम्या पाइपातून आवाज लांब जातो. कुणाचा तरी नळ उघडा आहे आणि कुणीतरी नळाजवळ बोलतंय. उलट बरंच झालं. या आवाजाच्या मागे जाऊ, म्हणजे लाइन कुठून कुठे जाते ते कळेल."

आणि तसं त्यांनी केलं. एक व्हॉल्व्ह बंद करायचा, ऐकायचं. आवाज गेला तर ती वाट खरी, राहिला तर दुसरी. गळती शोधायची हीच रीत, फक्त इथे पाण्याऐवजी माणसाचं बोलणं होतं. दुसऱ्या दुपारी ते एका दुमजली चाळवजा घरापाशी पोचले. वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच मोरी. मोरीत नळ उघडा, खाली बादली, आणि बादलीशेजारी पाटावर बसलेली एक म्हातारी. गुडघे गेलेले, जिना उतरून तिला बरीच वर्षं झाली होती. मुलगा-सून कामावर जात, नातू शाळेत.

"आजी, नळाशी बोलता का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

आजी काही ओशाळल्या नाहीत. "नळाशी कशाला बोलू? वेड लागलंय का मला? तिच्याशी बोलते."

"कुणाशी?"

"आहे बिचारी कुणीतरी. ती पण एकटीच असते दुपारची. मी विचारते पाणी आलं का, ती सांगते आलं, नाही आलं. मग इकडचं तिकडचं. बरीच वर्षं झाली आता."

"कुठे राहते ती?"

"ते नाही कधी विचारलं. नळावरची ओळख, घर कशाला विचारायचं?"

शंकासुर परत येताना म्हणाला, "शेजारची कुणी असेल. त्याच लाइनवरची." बाईंनाही तेच वाटत होतं. म्हणजे दुसरं टोक शोधायचं राहिलं. आजीच्या घरापासून लाइनीचा माग काढत ते उलट दिशेला निघाले. नकाशात तिथे काहीच नव्हतं, पण सळईला पाइप लागत होता. मोठा, जुना, बिडाचा. तो पाइप रस्त्याखालून गेला आणि सरळ मोठ्या गटाराच्या चेंबरमध्ये शिरला. झाकण काढून विजेरी मारली तर पाइप घाणीतून आरपार गेलेला, आणि त्याच्या पोटाला मूठ जाईल एवढं भोक पडलेलं. कावीळ कुठून येत होती ते त्या भोकात सगळं स्पष्ट दिसत होतं.

शंकासुराने नाकाला रुमाल लावला. "सापडलं, मॅडम. आता?"

"आता दुसरं टोक. कुठून येतोय ते बघितल्याशिवाय पाइप कापायचा नाही. कापला आणि पलीकडे कुणाचं पाणी तुटलं तर?"

पाइप पुढे नदीकडे गेला आणि एका बंद पंपघरात संपला. पंपघर कधीचं पडीक होतं. पाणी खात्यातून बोलावलेल्या फिटरने कुलूप तोडून दिलं आणि तो बाहेरच थांबला. आत पंप नव्हता, नुसते चौथरे होते. भिंतीला टेकून पाइपाचं तोंड, त्यावर जाड लोखंडी पत्रा बोल्टांनी आवळलेला. बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झाले होते. भिंतीच्या पलीकडे नदीचा उतार. म्हणजे लाइन इथे संपली. या टोकाला घर नाही, नळ नाही, माणूस असायचं कारण नाही.

बाईंनी पत्र्याजवळ सळई टेकवली. थोड्या वेळाने आजीचा आवाज आला, इतका स्वच्छ की उंच मुलीला सळईशिवायही ऐकू आला. "पाणी आलं का गं?"

आणि पत्र्याच्या बाजूने, म्हणजे त्यांच्या अगदी समोरून, उत्तर आलं. दुसऱ्या म्हाताऱ्या बाईचा आवाज. सपाट, जरा वरच्या पट्टीतला, ज्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही अशी माणसं बोलतात तसा.

"नाही गं अजून. आलं की सांगते."

उंच मुलीने भिंतीला हात टेकला. शंकासुराला त्या दिवशी एकही शंका सुचली नाही. तो दारापर्यंत मागे मागे गेला, तिथून फिटरच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि फिटरने विचारलं तर म्हणाला, "आत गरम होतंय." बाई मात्र वाटीला कान लावून बसून राहिल्या. तो आवाज त्यांना ओळखीचा वाटत होता. कुणाचा, ते त्यांनी स्वतःला विचारायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. आईला काही सांगितलं नाही, नुसत्या घरीच राहिल्या. दुपारी पाणी गेलं. आईने ओट्याजवळचा नळ उघडा ठेवला, पाणी आलं की कळावं म्हणून, आणि स्टूल ओढून तिथे बसली. बाई दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून होत्या. घर इतकं शांत की पंख्याचा करकर आवाजही मोठा वाटत होता. आणि आई सहज, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"नाही गं अजून."

बाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आई नळाकडे जरा वाकून बसली होती, मान तिरपी, ऐकणाऱ्या माणसाची. कित्येक वर्षांत त्यांनी आईला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि खूण करून विचारलं, कुणाशी बोलतेस?

"ती विचारत होती, पाणी आलं का म्हणून."

"तुला ऐकू आलं?" बाई कानाशी ओरडल्या.

आईने कपाळाला आठी घातली. "ओरडतेस कशाला? हे नळातलं येतं ऐकू. बाकीचं नाही येत."

बाईंनी नळाला कान लावला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

त्या इंजिनियर होत्या. अंगावर काटा आला म्हणून काम थांबवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्याच दिवशी त्यांनी नदीअलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही भागांचा नकाशा पाहिला. पलीकडच्या वसाहतीचं पाणी वेगळ्या टाकीतून, वेगळ्या विहिरीतून. मध्ये नदी. नदीवर एकच पूल, आणि पुलावरून पाइप गेलेला नाही. नकाशावर भरवसा नव्हता, म्हणून त्या पुलावरून चालत गेल्या, कठड्याखाली वाकून बघितलं, दोन्ही काठांवर सळई टेकवली. खाली नुसता दगड आणि गाळ होता.

मग त्यांनी मुलांना शिकवलेलीच परीक्षा घेतली. दोन लाइनी जोडलेल्या आहेत की नाहीत हे बघायचं असेल तर एकीत रंग सोडतात आणि दुसरीत रंग उतरतो का बघतात. इथे रंग चालणार नव्हता. उंच मुलीला त्यांनी आजींकडे पाठवलं आणि सांगितलं, आजींना म्हणावं, आज पाण्याचं नका विचारू. दुसरं काहीही विचारा, तुमच्या मनाचं. मला आधी सांगू नका. स्वतः त्या घरी थांबल्या.

आई स्टुलावर बसली. काही वेळ काही नाही. मग आई हसली आणि म्हणाली, "काय करायचंय गं एकटीला? कालचंच उरलंय, तेच खाल्लं."

पुढच्या क्षणी फोन वाजला. उंच मुलीचा होता. ती म्हणाली, "मॅडम, आजींनी विचारलं, आज जेवायला काय केलंस. आणि नळातून उत्तर आलं..."

"कालचंच उरलंय," बाई म्हणाल्या.

बाईंनी फोन ठेवला आणि ओट्याकडे बघितलं. खरंच झाकणाखाली कालची भाजी होती. आपण आदल्या दिवशी बाहेरच खाऊन आलो होतो आणि आईला विचारलंही नव्हतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

विभागप्रमुखांच्या कानावर तोवर काहीबाही गेलं होतं. त्यांनी बाईंना बोलावलं. "अहो, मुलं भुताखेताच्या गोष्टी करताहेत. आपण अभियांत्रिकी शिकवतो. गटारात भोक आहे ना? मग ते बुजवा, पाइप कापा, आणि विषय संपवा. परीक्षा तोंडावर आल्यात."

चुकीचं ते काहीच बोलत नव्हते. वस्तीत अजून दोन मुलं दवाखान्यात होती. तो पाइप कापायलाच हवा होता, आणि बाईंनाही ते पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी त्यांनी एक दिवस मागून घेतला.

त्या दिवशी त्यांनी आईला रिक्षात घातलं आणि आजींच्या घरी नेलं. मनात हिशेब साधा होता: पाइप तुटणार, तर दोघींची गाठ घालून द्यावी. मग महिन्यातून एकदा आपण आईला इकडे आणू. कशाला हवा पाइप?

आई जिना चढून वर आली, दम खाल्ला आणि पाटाशेजारच्या खुर्चीवर बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. लग्नात अनोळखी पाहुण्या शेजारी बसाव्यात तशा. आजी म्हणाल्या, "या. बसा. पाणी देऊ?"

आईने लेकीकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?"

आजी जरा मोठ्याने बोलल्या, मग आणखी मोठ्याने. आईने कानाला हात लावून मान हलवली. तिला शब्दही ऐकू येत नव्हता. ती आपली हसत होती, ऐकू न येणारी माणसं हसतात तशी. थोड्या वेळाने ती म्हणाली, "घर छान आहे तुमचं. हवेशीर आहे."

तिचं बोलणं ऐकताच आजींच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्यांनी आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग नळाकडे, मग परत आईकडे. आणि बाईंचा हात धरून हळूच म्हणाल्या, "आवाज हाच आहे. पण ही ती नाही."

"तीच आहे, आजी. माझी आई."

"नाही गं पोरी. ती माझं सगळं ऐकते."

रिक्षातून परतताना आईने विचारलं, "या बाई कोण होत्या? तुझ्या कॉलेजातल्या कुणाच्या आई का?" बाईंनी मान हलवली. पूल ओलांडताना त्यांनी पाण्याकडे बघायचं टाळलं.

पाइप दुसऱ्या दिवशी कापायचा ठरला. बाईंनी सगळी तुकडी आणली. अशी संधी वर्षातून एखादीच. खड्डा खणून झाला, बाजू ढासळू नये म्हणून फळ्या ठोकल्या, गटाराचं पाणी वळवलं. शंकासुर स्वतःहून खाली उतरला. सगळ्यांत आधी उतरला तोच. वर उभ्या असलेल्यांना बाई समजावत होत्या: कापायची जागा कशी निवडायची, उरलेली तोंडं कशी बंद करायची, नव्या लाइनीला गटारापासून किती अंतर सोडायचं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त अधूनमधून त्या घड्याळाकडे बघत होत्या.

उंच मुलीला त्यांनी आजींजवळ बसवलं होतं. आजींना सगळं सांगून झालं होतं. आजी म्हणाल्या होत्या, "पोरांची पोटं बिघडतात त्यापायी, तर काप बाई. आमचं बोलणं काय, झालं तितकं झालं."

दुपारी पाणी गेल्यावर आजींनी नळ उघडला. पाणी आलं का, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "उद्यापासून माझा नळ बंद आहे गं. दुरुस्ती चाललीय. तू एकटी राहशील का दुपारची?"

उंच मुलगी सांगते, त्या वेळी मोरीत इतकी गार हवा आली की तिने हात काखेत घातले. मग तो सपाट आवाज आला. "मला काय होतंय? मुलगी येते की संध्याकाळी."

आजी म्हणाल्या, "बोलते का ती?"

"दमून येते गं."

तोवर खड्ड्यात फिटरने करवत लावली होती. पाइप तुटला तेव्हा आत एक लांब श्वास ओढल्यासारखा आवाज झाला. रिकाम्या पाइपात हवा शिरली की तसा आवाज होतोच. बाईंनी तो मुलांना समजावूनही सांगितला. पण खड्ड्यात उभा असलेला शंकासुर पुढे कधीतरी मित्रांना म्हणाला, की हवा आत शिरली नाही, बाहेर आली. त्याच्या तोंडावरून गेली, आणि तिला गंजाचा किंवा गटाराचा नाही, धुतलेल्या कपड्यांचा वास होता.

उंच मुलीने खड्ड्यापाशी येऊन बाईंना ते बोलणं शब्दशः सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, हातातली मोजपट्टी तिच्याकडे दिली आणि म्हणाल्या, "तोंडं बंद करून घे. झाकण नीट बसलंय का बघ. मी जाते." एखादं काम अर्धवट टाकून त्या गेल्याचं कुणी आधी पाहिलं नव्हतं.

त्या घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. नळ उघडा. आई स्टुलावर बसलेली, मान तिरपी करून. लेक एवढ्या लवकर आलेली पाहून तिने विचारलं, "बरं नाही का तुला?" बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग काय बोलावं ते त्यांना सुचेना. इतक्या वर्षांत बोलायची सवयच मोडली होती. शेवटी त्यांनी कॉलेजच्या पिशवीतून खडू काढला आणि ओट्याच्या काळ्या दगडावर लिहिलं: आज एक पाइप कापला. आईने वाचलं. म्हणाली, "मोठा होता?" बाईंनी पुसून लिहिलं: खूप. मग पाइप केवढा होता, कुठून कुठे जात होता, आत काय सापडलं, सगळं त्या लिहीत गेल्या आणि आई विचारत गेली. दगड खडूने पांढरा झाला तरी त्यांचं संपलं नव्हतं.

वस्तीतली कावीळ महिनाभरात ओसरली. नवी लाइन पडली. विभागप्रमुखांचा फोटो वर्तमानपत्रात आला, हातात करवत धरलेला. करवत उलटी धरली होती, हे फक्त सिव्हिलवाल्यांना कळलं. उंच मुलगी पाणी खात्यात लागली. शंकासुर एका लांबच्या गावात मलनिस्सारणाच्या कामावर गेला, आणि ज्याने त्याने म्हटलं की हा इतक्या शंका काढतो तर ठेकेदारांची धडगत नाही.

आजींकडे बाई अधूनमधून जात राहिल्या. नळाला आता दिवसभर पाणी असायचं. आजी त्याचं कौतुक करायच्या आणि मोरीकडे पाठ करून बसायच्या. पुढच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. बाई जाऊन आल्या आणि घरी आल्यावर त्यांनी दगडावर लिहिलं: नळावरच्या आजी गेल्या.

आईने वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "कोण?"

बाईंनी लिहिलं, तू ज्यांच्याशी दुपारी बोलायचीस.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काही लपवलेलं नव्हतं. "मी कुणाशी बोलणार?" ती म्हणाली. "मला ऐकू कुठे येतं?"

बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांनी शेंगांची परडी मधे ठेवली आणि दोघी मिळून शेंगा सोलत बसल्या. बाहेर कुणीतरी रस्त्याला नवीन चर खणत होतं. आईने जमिनीवर पाय टेकवून ते धक्के ओळखले आणि विचारलं, काय टाकताहेत, गटार की पाणी? बाई खिडकीशी गेल्या, वाकून पाहिलं, आणि परत येऊन दगडावर लिहिलं: गटार. उतार चुकलाय. सांगून येते.